सुनंदाची सही

सुनंदा गेल्याचं मला तिच्या धाकट्या भावानं, दत्तूभाऊंनी कळवलं. फोनवर ते एवढंच म्हणाले, "मॅडम, आमची ताई सकाळी गेली." पिंपरीच्या दवाखान्यात शेवटपर्यंत तेच तिच्याजवळ होते... एके काळी हे कुणाला खरं वाटलं नसतं.

आम्ही दोघी एकाच विधी महाविद्यालयात शिकवायचो. सुनंदा मालमत्तेचा कायदा शिकवायची आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहायची. ती रहाटणीतल्या जुन्या शेतकरी घरातली. लग्न तिनं केलं नव्हतं. आईवडिलांमागे भावाचं घर तेवढं तिचं. वडिलांच्या जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे ती दरवर्षी वर्गात सांगायची. पण त्यांच्या शेतावर इमारत उभी राहायचं ठरलं, तेव्हा दत्तूभाऊ तिला रजिस्ट्रारच्या ऑफिसात घेऊन गेले आणि तिनं सही करून आपला वाटा सोडला. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा तास घेतला. मी विचारलं, तर म्हणाली, "घर राहावं म्हणून केली गं."

पुढे तिची कादंबरी आली. जमिनीवरचा हक्क सोडणाऱ्या एका प्राध्यापिकेची. नावं बदललेली होती, तरी गावानं माणसं ओळखली. त्या भाऊबीजेला दत्तूभाऊ आले नाहीत, पुढच्याही नाही. सुनंदा मात्र शांत होती. "सही त्याच्यासाठी केली, पुस्तक माझ्यासाठी लिहिलं. दोन्ही मागे घेणार नाही."

मग तिला कॅन्सर निघाला. एका दुपारी मी तिच्याकडे बसले असताना दत्तूभाऊ आले. मी चहा करून आणला.

"वाटा पायजे व्हता, तर मागायचं ना, ताई."

"मागितला असता, तर आज आला असतास?"

दत्तूभाऊंनी कप खाली ठेवला. "ठाऊक न्हाई," म्हणाले. आणि मग, "तुझी फाईल कुठंय दवाखान्याची?" त्यानंतर प्रत्येक खेपेला तेच तिला घेऊन जात.

परवा मी रहाटणीला गेले होते. शेतावरच्या नव्या इमारतीत दत्तूभाऊंचं घर आहे; तिथल्या एका खोलीत त्यांनी तिची पुस्तकं आणून लावली आहेत. जेवण झालं की तिथे बसून ते तिची कादंबरी वाचतात, ओळीवर बोट ठेवून, अगदी सावकाश. मला पाहून थांबले.

"हितं ती बाई सही करून निघती आन् रिक्षात रडती... ताई रडली व्हती का, मॅडम?"

मला माहीत नव्हतं. तसंच मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं.