काट्याला बांधलेली सुतळी

कोल्हापुरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत होते, तेव्हा दिवसभर एकच गोष्ट सांगून तोंड दुखायचं. इंटरनेटवर लाल पान आलं की थांबा, ती साइट धोक्याची असते, मागं फिरा. पोरं माना डोलवायची आणि पुढच्याच तासाला कुणी ना कुणी ते पान ओलांडून गेलेलं असायचं. संध्याकाळी एसटीनं आमच्या गावी, कबनूरला उतरायची, तेव्हा कुणाला काही सांगायची ताकदच उरलेली नसायची.

घरी मात्र आबा होते. आबा म्हणजे माझे वडील. घराला लागूनच आमचे यंत्रमाग होते. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबावा म्हणून त्याला एक काटा असतो. आमचे माग जुने, काटे चुकार. धागा शाबूत असतानाही माग थांबायचा. शेवटी आबांनी काटे सुतळीनं बांधून टाकले. आमच्या गल्लीत पुष्कळ जण तसंच करायचे. कापडात मधूनमधून फट राहायची, व्यापारी कुरकुरायचा, पण माग चालू राहायचा.

घरच्या कॉम्प्युटरवर इशारा देणारं ते लाल पान मी मुद्दाम बसवून घेतलं होतं, कारण त्या कॉम्प्युटरात आई होती. नवा मोबाईल घेतला तेव्हा गंमत म्हणून मी तिचं शूटिंग केलं होतं. मागांच्या दारात उभी राहून ती आबांना हाक मारते, "चहा निवाय लागलाय, येताय न्हवं?" बस, एवढंच. त्यातही खडखडाटात तिचा आवाज निम्मा बुडालेला. पुढं वर्षभरात ती गेली. मग मोबाईल बिघडला, काढून ठेवलेली सीडी चालेना, आणि ती हाक फक्त कॉम्प्युटरात उरली. रोज जेवण झालं की आबा खुर्ची ओढून ऐकायचे. मी शेजारच्या खोलीत आडवी पडून ऐकायची.

आबांना इंग्रजी येत नव्हतं. भजनं शोधताना लाल पान आलं की सुरुवातीला मला हाका मारायचे. मग त्यांनी बघून ठेवलं, की खाली बारीक अक्षरांत एक ओळ असते, ती दाबली की पान जातं.

"आबा, ते उगंच येत न्हाई," मी म्हणायची.

"सारखंच बोंबलतंय की गं. कशाकशाला थांबायचं?"

वाद घालायचं माझ्या जिवावर यायचं. तोच दिवसभर घालून आलेली असायची.

एकदा घरी आले तर कॉम्प्युटर आपोआप बंद होत होता, पुन्हा चालू होत होता. शेजाऱ्यानं आबांना सांगितलं होतं, की रेकॉर्डिंगमधला खडखडाट काढून टाकणारा प्रोग्राम नेटवर फुकट मिळतो. नावही त्यानंच टाइप करून दिलं. लाल पान आलं. आबांनी सवयीनं खालची ओळ दाबली.

दुरुस्तीवाला बराच वेळ खटपट करत बसला. "व्हायरसनं सगळं खाल्लंय ताई," तो म्हणाला. "काय राहिलं न्हाई."

मला आबांचा भयंकर राग आला. थोडा अजूनही आहे. त्यांना चांगलं फैलावर घ्यावं म्हणून मी वळले, तर ते खाली बघत म्हणाले, "तिचा आवाज तेवढा सुटा करावा म्हटलं." मग मी फक्त दुरुस्तीवाल्याचे पैसे दिले. दिवसभर शिकवून घसा बसला होता, आणि बोलून काही परत येणार नव्हतं.

सकाळी चहा करून मी मागांच्या दारात गेले. आबांचं लक्ष नव्हतं. मी मोठ्यानं हाक मारली, "चहा निवाय लागलाय, येताय न्हवं?"

माझ्या तोंडून काय गेलं ते मला उशिरा कळलं. आबांनी वर बघितलं. धागा तुटला तरी माग थांबू न देणारा माणूस, त्यांनी एकेक करत सगळे माग बंद केले. खडखडाट थांबला.

"आता म्हण की परत," ते म्हणाले.