मायक्रोमीटरच्या चोरीची तक्रार

खुनाची, दरोड्याची बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. भोसरीच्या एका वर्कशॉपमधल्या किरकोळ चोरीची तक्रार मात्र मला अजून जशीच्या तशी आठवते, आणि आठवली की स्वतःचाच राग येतो.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. भोसरीकडच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्याकडे गुन्ह्यांइतकंच काम चारित्र्य पडताळणीचं असे. चाकणच्या कंपन्या माणसाला कायम नोकरीवर घेण्याआधी पोलिसांचा दाखला मागतात. अर्ज ऑनलाइन येतो, आमचा कर्मचारी पत्त्यावर जाऊन चौकशी करतो, रेकॉर्ड तपासतो आणि शेवटी अहवालावर माझी सही लागते. एखाद्या अर्जात 'कायम' हा शब्द दिसला की माझ्या पोटात दुखायचं. स्पष्टच सांगतो. माझा मुलगा इंजिनिअर असून चाकणला ठेकेदाराच्या हाताखाली होता. दर अकरा महिन्यांनी त्याला घरी बसवायचे आणि मग नवा गेटपास द्यायचे. वाकडला आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कुणी ना कुणी विचारायचंच, "काय, चिरंजीव परमनंट झाले का?"

त्या गुरुवारी सकाळी हजेरी संपते न संपते तोच एक वर्कशॉपमालक ठाण्यात आला. गावातलाच, साठीला टेकलेला, हाताच्या रेषांत काळं तेल मुरलेलं. सगळे त्याला शेठ म्हणत, पण शेड लहान आणि लेथ मशीन तीनच. त्याचं म्हणणं, दोन दिवसांपूर्वी कपाटातला जुना मायक्रोमीटर चोरीला गेला आणि संशय एका कामगारावर आहे. मायक्रोमीटर म्हणजे केसाएवढी जाडीही मोजणारं हातातलं माप.

"अकरा वर्सं हाय माझ्याकडं," शेठ म्हणाला. "आता चाकणला कंपनीत चाललाय. जाता जाता हात मारला. त्याच्या गाडीची डिकी बगा, आन् गुन्हा दाखल करा. नुसता अर्ज नको."

कामगाराचं नाव ऐकलं आणि मी चपापलो. त्याच माणसाचा पडताळणीचा अर्ज माझ्याकडे सहीसाठी आलेला होता. गुन्हा दाखल झाला असता तर अहवालात 'प्रलंबित' असा शेरा पडला असता, आणि असा शेरा वाचून कोणतीही कंपनी माणसाला आत घेत नाही. माझ्या मनात तेव्हा पहिली भावना कोणती आली असेल? समाधानाची. म्हटलं, बघा, असली माणसं परमनंट होतात!

गुन्हा नोंदवण्याआधी डिकी पाहून घ्यावी म्हणून पंचांना घेऊन आम्ही वर्कशॉपवर गेलो. कामगाराची जुनी स्कूटर शेडच्या दारातच उभी होती, डिकीचं कुलूप मोडलेलं. डिकीत, रेनकोटच्या खाली, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर मिळाला. पंचनामा केला, मुद्देमाल ताब्यात घेतला आणि कामगाराला ठाण्यात आणलं.

तो लातूरकडचा, तिशीच्या आतला, भोसरीत भाड्याच्या खोलीत बायको आणि चार वर्षांच्या मुलीसह राहणारा.

"साहेब, मी कशाला चोरू? सोमवारी जॉइनिंग हाय माजं. एकदा तारीख वाढवून दिली त्यांनी, पोलिसांचा कागद आला न्हवता म्हणून. शनिवारपत्तूर दाखला न्हाई दिला तर वेटिंगवरचा दुसरा घेणार हायेत."

"मग तो डिकीत कसा आला?"

"ते मला काय ठाव? ते शेठचं खास माप हाय. आमी दुसरं वापरतो. त्या कपाटाची चावी शेठच्या कमरेला असती."

वर्कशॉपमधल्या दुसऱ्या दोन कारागिरांना वेगवेगळं बसवून विचारलं. दोघांनी चावीबद्दल तेच सांगितलं. कपाटाचं कुलूप तर मी स्वतः पाहिलं होतं, त्यावर ओरखडाही नव्हता. शिवाय दोन दिवसांपूर्वी चोरलेली वस्तू डिकीत ठेवून त्याच शेडच्या दारात रोज गाडी लावणारा चोर माझ्या तरी पाहण्यात नव्हता.

आणखी एक गोष्ट मला खुपत होती. ज्याची चोरी होते, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब, माझी वस्तू कधी मिळेल?" सोन्याची चेन असो की सायकल. शेठने तो विचारलाच नव्हता. त्याला फक्त गुन्हा हवा होता.

संध्याकाळी मी शेठला माझ्या खोलीत बोलावलं. चहा मागवला. टेबलावर फडकं उलगडून मायक्रोमीटर ठेवला आणि बोलता बोलता त्याचा स्क्रू पिळायला लागलो. मुद्देमालाशी असा खेळ करू नये, मी केला. दोन्ही तोंडं एकमेकांना भिडली, तरी पिळतच राहिलो.

शेठ खुर्चीच्या टोकाला सरकला. त्याचं सगळं लक्ष माझ्या बोटांकडे. शेवटी त्याला राहवलं नाही.

"आवळू नका राव! खराब हुतंय ते!"

त्याने माझ्या हातातून तो जवळजवळ हिसकावून घेतला, तोंडं जराशी सैल केली, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि फडक्यात गुंडाळला.

मी म्हणालो, "डिकीतही असाच होता, शेठ. तोंडं सैल, तेलाचं बोट फिरवलेलं, वर मलमलीचं फडकं. कुलूप शाबूत आणि चावी तुमच्या कमरेला. चोराने एवढी माया कशाला केली असेल?"

त्याने चहाचा कप बाजूला सारला. मग एकदम उसळला.

"व्हय, म्याच ठेवला! काय करू? सात पोरं तयार केली. लेथवर कसं उभं ऱ्हायचं, हितनं शिकवलं. सातीच्या साती चाकणला. कंपनीची बस माझ्या शेडसमोरच थांबती साहेब. युनिफॉर्म घालून चढत्यात आन् मला हात करत्यात. कंपनीनं शिकवलाय का एक तरी माणूस?"

"तुम्ही त्याला अकरा वर्षांत नेमणुकीचं पत्र दिलंत? पीएफ? रजा?"

"मला तरी कुणी दिलं?" त्याचा आवाज फाटला. "त्याच्या वयात मीबी अर्ज घिऊन गेटावर हुबा व्हतो. वाचमननं आत घेतलं न्हाई. आन् ह्यो माझ्या डोळ्यांदेखत परमनंट व्हनार? झोप लागंना मला. तुमाला न्हाई कळायचं ते."

मला कळत होतं. चांगलंच कळत होतं. कंपनीला तारीख वाढवून द्यावी लागली, कारण त्या कामगाराचा अहवाल, सगळी चौकशी पूर्ण होऊन, माझ्या टेबलाच्या खणात आठ दिवस पडून होता. इतर अर्ज मी उरकत होतो. तो उघडायचो, 'कायम' हा शब्द वाचायचो आणि पुन्हा खणात सरकवायचो. कामाचा ताण आहे, असं स्वतःला बजावायचो. माझी सही वेळेत झाली असती, तर शेठची तक्रार येण्याआधीच तो माणूस नोकरीवर रुजू झाला असता.

खोटी माहिती दिल्याबद्दल शेठवर कारवाई करता आली असती. पण कामगारानेच हात जोडले. म्हणाला, "जाऊ द्या साहेब, त्यांनीच शिकवलंय मला." मी शेठचा लेखी जबाब घेतला, समज दिली, अर्ज निकाली काढला. ठाण्यात माझ्या मोठ्या मनाचं कौतुक झालं. मन कसलं मोठं! त्याला कोठडीत टाकायला माझा हात उचलेना, एवढंच.

चोर, दरोडेखोर ओळखायला मी नोकरीत शिकलो. जळणारा माणूस ओळखायला मला फार उशीर लागला, कारण तो वाईट दिसत नाही. तो तक्रार नियमाने करतो, कागद नियमाने अडवतो, आणि त्याचं वैर परक्यांशी नसतं. शेठला मी एका चहात पकडला. मला कुणीच पकडलं नाही.

शनिवारी सकाळी मी अहवालावर सही केली. कामगार दाखला घ्यायला बायको आणि मुलीला घेऊन आला. दाखला हातात पडताच खोलीभर माणसं असताना तो माझ्या पायांशी वाकला.

"साहेब, तुमच्यामुळं झालं. दुसरा कुनी आसता तर गुन्हा नोंदवून मोकळा झाला आसता."

खरं सांगायची तीच वेळ होती. माझी हिंमत झाली नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि साहेबासारखा म्हणालो, "सोमवारी वेळेवर जा. उशीर करू नकोस."