कढीपत्त्याचा खून

चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्ये कोणी हसलं की मला सांगता येत नाही. आता काय सांगू तुम्हाला, मी माझ्या सख्ख्या बायकोवर खुनाचा संशय घेतला होता. खून कोणाचा? माझा!

सगळं झालं एका पुस्तकापायी. तसं माझं आणि कादंबऱ्यांचं कधी जमलं नाही. वसुधाचं, म्हणजे आमच्या हिचं, उलट. कोथरूडला घरातच दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते आणि दोन बॅचच्या मधे पुस्तकात डोकं घालून बसते. मी हडपसरच्या कारखान्यात जन्मभर हिशेब तपासले. न घडलेल्या गोष्टी वाचून मिळतं काय, हे लग्न झाल्यापासून मी तिला ऐकवत आलोय.

मग रिटायर झालो. एका दुपारी टीपॉयवर तिचं पुस्तक पालथं पडलं होतं. सहज उचललं. एक नवरा आपली गोष्ट सांगतोय. बायको दिसायला गरीब गाय, बोलायला गोड. रोज सकाळी त्याला आपल्या हाताने कसलासा अर्क करून देते. आणि नवरा दिवसेंदिवस खंगत चाललाय! ती का देते? त्यात काय आहे? तिच्या कपाटाला कुलूप कशाला? अहो, माझी दुपारची झोप उडाली! पुण्यात राहून दुपारी जागा राहिलो, आता बोला.

अर्थात सगळं चोरून. शिकवणीची मुलं उठल्याचा आवाज आला की पुस्तक होतं तसं पालथं आणि माझ्या हातात पेपर. इतकी वर्षं नावं ठेवल्यावर आता कोणत्या तोंडाने कबूल करायचं?

आणि नेमका त्याच सुमारास हिने मला काढा सुरू केला. घोरण्यावर. आलं, मिरे, ज्येष्ठमध, वर सैंधव.

"अहो, उकळता आहे तोवरच घ्या हं. गार झाला की उपयोग नाही," असं म्हणून हातात पेला द्यायची आणि आंघोळीला जायची.

पहिल्या दिवशी एक घोट घेतला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्या दिवसापासून मी पेला घेऊन बाल्कनीत जायचो, कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायचो आणि रिकामा पेला घेऊन तोंड वाकडं करत आत यायचो. अभिनय उत्तम. तिने विचारलं तर म्हणायचो, "घसा कसा मोकळा मोकळा वाटतोय."

हा कढीपत्ता साधासुधा नव्हता बरं का! तिच्या वडिलांनी गावाहून आणून दिलेलं रोप. वाढून माझ्या खांद्याला आलं होतं. ती शिकवणीतून उठली की आधी त्याच्यापाशी जाऊन उभी राहायची. आमच्याकडे कोणी फोडणीचं कौतुक केलं की श्रेय झाडाला.

थोड्याच दिवसांत ती मला म्हणाली, "घोरणं कमी झालंय हो तुमचं!"

मी गारच पडलो. काढा कुंडीत आणि घोरणं माझं कमी? ही बाई धडधडीत खोटं बोलतेय. का बोलतेय?

आणि मग कढीपत्ता पिवळा पडायला लागला.

मी बाल्कनीत उभा. हातात पेला. समोर गळणारी पानं. म्हटलं, अरे, हे झाड माझ्या वाटचं मरतंय! थट्टा करत नाही, मनापासून घाबरलो. ज्या बाईच्या हातचं इतकी वर्षं डोळे मिटून जेवलो, ती मला मारायला निघाली असेल? जेवताना तिच्या हातांकडे बघत राहायचो.

आता पुस्तकात पुढे काय होतं, हे कळणं माझ्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न झाला. नवरा वाचतो की नाही? तर त्याच दिवशी हिने पुस्तक लायब्ररीत परत दिलं. शेवटचं प्रकरण राहिलं होतं माझं! धावत लायब्ररीत गेलो. पुस्तक परत आलेल्या गठ्ठ्यात समोर दिसत होतं.

"ते मिळेल का?" मी विचारलं.

"दुसऱ्यांचे नंबर आहेत त्याला," ग्रंथपाल मान वर न करता म्हणाले.

"फक्त शेवटचं प्रकरण बघायचं होतं. इथेच उभ्याने."

"आमच्याकडे अख्खं पुस्तक मिळतं. सुटे शेवट ठेवत नाही."

घरी आलो. दुसऱ्या दिवशी धीर करून हिला म्हटलं, "आज आधी तू घे ना एक घोट."

तिने घेतला. शांतपणे. वर म्हणाली, "काही कडू नाही हो, उगाच तोंडं करता."

तुम्हाला वाटेल, संपला संशय. छे! पुस्तकातली बाईसुद्धा अशीच प्यायली होती, आधी उतारा घेऊन!

शेवटी वरच्या मजल्यावरच्या शिंद्यांना गाठलं. शिंदे माझे जुने सहकारी, पोटात काही राहत नाही, पण दुसरं होतं कोण? त्यांनी सगळं ऐकलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वहिनी तशा वाटत नाहीत."

"पुस्तकातलीही वाटत नव्हती!"

"मग अवघड हाय," शिंदे म्हणाले. दोघांनी ठरवलं, रविवारी समोरासमोर विचारायचं.

रविवारी शिंदे आले, तर वसुधाच बाल्कनीत खुरपं घेऊन बसलेली. कढीपत्त्याला एक पान शिल्लक नव्हतं. तिचे डोळे लाल.

"बरं झालं आलात, भाऊजी," ती म्हणाली. "माझं झाड कोणीतरी मारलंय."

तिने तळहात पुढे केला. कुंडीतल्या मातीतून निघालेलं ज्येष्ठमध आणि मिऱ्यांचा चुरा. मग माझ्याकडे वळली. "कढीपत्त्याला मिरे लागले का हो?"

माझा तोल गेला. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही! बोट रोखून ओरडलो, "मेलंच ना शेवटी? मी प्यायलो असतो तर? काय घालत होतीस त्या काढ्यात?"

तिने तळहातावरचा चुरा परत कुंडीत टाकला.

"मीठ घालत होते," वसुधा म्हणाली. "आणि उकळत होते. खारं उकळतं पाणी रोज मुळाशी ओतल्यावर झाड मरेल नाहीतर काय घोरायचं थांबेल?"

शिंदे लगेच म्हणाले, "मी यांना सांगत होतो, वहिनी तशा नाहीत." आणि चपला घालून पसार!

"पण तू म्हणालीस, घोरणं कमी झालंय," मी शेवटची काडी धरली.

"कुठलं कमी? तुम्ही इतकं तोंड वाकडं करून पीत होतात, मला दया आली. म्हटलं, जरा बरं वाटू दे."

काय सांगू, त्या क्षणी मला माझीच इतकी लाज वाटली! बाबांचं झाड गेलं म्हणून रडलेली बायको समोर बसलेली, आणि मी तिच्यावर बोट रोखून उभा. मग सगळं ओकलो. पुस्तक, दुपारी, चोरून.

तिने एवढंच विचारलं, "कुठपर्यंत वाचलंत?"

"नवरा पोलिसांना बोलावतो, तिथपर्यंत. पुढे काय होतं गं? खुनी कोण निघतो?"

तिने खुरपं बाजूला ठेवलं, हात झटकले, कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जो सगळी गोष्ट सांगत असतो ना, तोच."

सासऱ्यांना फोन करून नवं रोप मीच मागितलं, कारणासकट. ते आता बाल्कनीत आहे आणि काढा मी स्वयंपाकघरात, हिच्या देखत पितो. घोरतो तसाच. पण कोणी आलं आणि मी हा किस्सा सुरू केला, की आतून हिचा आवाज येतो, ऐका, आत्ताही येईल...

"अहो, खुन्याला विचारा, अजून चहा टाकू का?"