दुसऱ्या पानावरचं दुकान

आप्पांचं दुकान सर्चमध्ये पहिल्या नंबरवर आलं, ते आप्पा गेल्यानंतर बाराव्या दिवशी. ऑफिसमधली एक मैत्रीण फोनवर म्हणाली, तेवढंच समाधान. मला कसलं समाधान, संताप आला होता. ज्या माणसाला ते बघायचं होतं तो नव्हता, आणि बघायला मी उरले होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं घर आहे आणि घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मोटर भरायचं दुकान होतं. विहिरीवरची, नदीवरची किंवा बोअरमधली मोटर जळली की शेतकरी ती दुचाकीवर आडवी टाकून आप्पांकडे आणायचे. आप्पा जळकी कॉइल काढायचे, नवी तार भरायचे, वॉर्निश लावून वाळत ठेवायचे. पावती नावाचा प्रकार त्यांनी आयुष्यात केला नाही. मोटरीच्या अंगावर खडूनं गावाचं नाव लिहायचे, बस्स. वडगाव, मांडवगण, पारगाव. एकाच गावच्या दोन आल्या तर 'वडगाव नदी' आणि 'वडगाव विहीर'. मोटर कुठल्या पाण्यातली ते कळलं की काम कळलं, माणसाचं नाव लिहून तार कमी लागत नाही, असं म्हणायचे.

मी लग्न होऊन दौंडला आले. नवरा रेल्वेत. मी घरी बसून पुण्यातल्या एका ऑफिसचं काम करते. लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर आणायच्या, हे माझं काम. सासरी ते कुणाला धड सांगता आलं नाही. सासूबाई शेजारणींना सांगतात, कॉम्प्युटरवर नंबर लावते. तेही काही चूक नाही. मी कुणाकुणाचे नंबर लावले. पुण्यातल्या दातांच्या डॉक्टरांचे, मंडपवाल्यांचे, एका कुत्र्यांच्या पाळणाघराचेसुद्धा. बापाच्या दुकानाचं एक पान करायचं मात्र मला कधी सुचलं नाही.

तो विषय त्यांनीच काढला. एकदा मी माहेरी गेले तर आप्पा गप्प होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून ते तसे कमीच बोलायचे, पण हे गप्प बसणं वेगळं होतं. चहा झाल्यावर म्हणाले, "परवा एक तरणा गडी आला व्हता. दुकानाच्या म्होरं गाडी लावली, गाडीवर मोटर. फोनला इचारलं, मोटर कुठं भरून मिळंल. फोन म्हणला शिरूरला जा. गेला की शिरूरला."

"तुम्ही हाक नाही मारली?"

"मारली असती. पर त्यानं पाटी बी वाचली न्हाई, ताई. दारातनं गेला. त्याच्या फोनमंदी मी नव्हतो."

हे सांगताना ते हसले होते. मी हसले नाही. पण लगेच काही केलंही नाही. आज करते, रविवारी करते, असं म्हणत दोन महिने घालवले. शेवटी एका दुपारी बसून पान केलं. दुकानाचा फोटो, आप्पांचा मांडीवर मोटर घेतलेला फोटो, कामाची माहिती, खाली नकाशा. त्यांना मोबाईलवर दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कितवा नंबर?"

दुसऱ्या पानावर, खालून तिसरा. शिरूरचं ते मोठं दुकान पहिलं होतं.

मग आप्पांनी प्रचार सुरू केला. आमच्याकडं ग्रामपंचायतीची निवडणूक घराघरात लढतात, आप्पांनीही उमेदवाराच्या मागं फिरून आयुष्यभर मतं गोळा केलेली. कुणीतरी त्यांना सांगितलं, शेअर केलं की वर जातं. त्यांनी त्याचा अर्थ लावला, एक शेअर म्हणजे एक मत. मोटर न्यायला आलेल्या प्रत्येकाला ते थांबवायचे आणि म्हणायचे, आधी शेअर करा, मग मोटर उचला. उसाच्या ग्रुपवर, बैलगाड्याच्या ग्रुपवर, माझा भाऊ रांजणगावला ज्या कंपनीत आहे तिथल्या बसच्या ग्रुपवर, सगळीकडं आप्पांचं दुकान फिरलं. महिन्याभरानं मी नंबर बघितला. दुसऱ्या पानावर, खालून तिसरा.

मी त्यांचा फोन हातात घेतला आणि माझं डोकं फिरलं. आप्पा पान शेअर करतच नव्हते. पानाचा स्क्रीनशॉट काढून, शेजारच्याकडून त्याच्या कडेनं गुलाबाची फुलं लावून, वर 'शुभ सकाळ' लिहून घेतलं होतं. ते चित्र शेकडो लोकांना गेलं होतं. चित्रावर बोट ठेवलं तर मोठं होत होतं, उघडत काही नव्हतं. लोकांनीही ते भक्तिभावानं पुढं ढकललं होतं आणि खाली हात जोडले होते.

"आप्पा, याचा काडीचा उपयोग नाही," मी म्हणाले. "लिंकच नाही यात. आणि नुसत्या शेअरनं नंबर वाढत नसतो. ही काय मतं आहेत का? शेअर बघून कुणी पान उघडलं पाहिजे, कुणी दुकानाचं नाव टाकून शोधलं पाहिजे, दुसऱ्या कुणी आपल्या वेबसाइटवर आपली लिंक दिली पाहिजे. मग कुठं फरक पडला तर पडतो. तुम्ही फुलं कसली वाटत बसलाय?"

वहिनी आतून बघत होती. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मला ते दिसत होतं तरी मी बोलले. ऑफिसच्या क्लायंटसमोर मी कधी आवाज चढवला नाही.

आप्पांनी हातातली तार गुंडाळून ठेवली. मग म्हणाले, "म्हंजी माणूस दारात आलं पायजे."

"हो."

"बरं."

त्यानंतर त्यांनी नंबर कधी विचारला नाही. मी आठवड्यातून एकदा फोन करायचे, तब्येत, पाऊस, उसाला तोड आली का, एवढंच बोलणं व्हायचं. मला वाटलं, नाद सुटला त्यांचा. सुटका झाल्यासारखंच वाटलं, खरं सांगायचं तर.

पुढच्या उन्हाळ्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, ते दुकानातच गेले. वहिनी चहा घेऊन आली तर खुर्चीवरून घसरून खाली बसल्यासारखे दिसले. समोर वॉर्निश लावलेली मोटर वाळत होती, तिच्यावर खडूनं 'पारगाव' लिहिलेलं. भाऊ कंपनीतून निघाला, मी दौंडहून निघाले. चौफुल्यावरून पारगावचा पूल ओलांडेपर्यंत मी रडले नाही. पूल ओलांडताना नदीकाठच्या मोटरी दिसल्या, आणि मग आवरलं नाही.

दहाव्याचा मेसेज भावानं लिहिला. दुःखद निधन, दशक्रिया भीमेच्या घाटावर, नंतर राहत्या घरी. दौंडकडचे, बारामतीकडचे पाहुणे घर न बघितलेले. पत्ता कसा सांगायचा म्हणून भाऊ अडला. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि मेसेजच्या खाली आप्पांच्या पानाची लिंक टाकली. त्यात नकाशा होता, दुसरा काही विचार नव्हता. हाताला सवय. लिंक टाकल्याबरोबर तिच्याखाली आप्पांचा मांडीवर मोटर घेतलेला फोटो आपोआप आला.

मरणाचा मेसेज आमच्याकडं कुणी अडवून धरत नाही. आला की पुढं जातो. उसाच्या ग्रुपवर गेला, बैलगाड्याच्या गेला, कंपनीच्या बसच्या गेला, नदीच्या दोन्ही काठांना गेला. गुलाबाची फुलं जिथं जिथं जाऊन पडली होती तिथं तिथं आता लिंक गेली. लोकांनी ती उघडली. ज्यांच्यापर्यंत नुसती बातमी गेली त्यांनी दुकानाचं नाव टाकून शोधलं. घरी यायला शेकडो लोकांनी नकाशाला रस्ता विचारला. तालुक्याच्या बातम्या देणाऱ्या एका वेबसाइटनं आप्पांवर दोन परिच्छेद लिहिले आणि खाली आमची लिंक दिली. शेअर म्हणजे मत नव्हे, हे मीच त्यांना ओरडून सांगितलं होतं. शेअरमुळं माणसं दारात येतात आणि दारात आलेली माणसं मोजली जातात, हेही मीच. दोन्ही खरं निघालं.

शिवाय लोकांनी श्रद्धांजली वाहिली ती नकाशावरच्या दुकानाच्या रिव्ह्यूमध्ये. लिहायला चौकट दिसली, तिथं लिहिलं. 'भावपूर्ण श्रद्धांजली आप्पा' आणि पाच तारे. 'देव तुमच्या आत्म्याला शांती देवो', पाच तारे. एकानं लिहिलं, 'ऊस वाळत होता, आप्पांनी जेवण सोडून मोटर भरून दिली.' वडगाव रासाईच्या एका गृहस्थांनी एकच तारा दिला होता आणि लिहिलं होतं, 'आप्पा असे न सांगता जायला नको होते.' मी ते वाचून हसले आणि मग भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून खूप वेळ रडले. कामात मी लोकांना सांगत असते, रिव्ह्यू मागून घ्या, त्यानं फायदा होतो. असे कुणी मागून घेत नाही.

बाराव्याला पाहुणे जेवत असताना मी मागच्या अंगणात जाऊन नंबर बघितला. पहिला. शिरूरचं दुकान खाली गेलं होतं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी दुकानात एकटीच आवराआवर करत होते, तर बाहेर गाडी थांबली. पन्नाशीचा शेतकरी, मागं पाण्यातली मोटर दोरीनं बांधलेली. ओळखीचा नव्हता.

"आप्पा हायेत का?"

मी सांगितलं. तो गाडीवरून उतरला, पायरीवर बसला, टोपी काढली.

"मला काय म्हाईत न्हाई, बाई. मी लांबनं आलोय, पार केडगावाकडनं. पोरीनं फोनवर शोधून दिलं. म्हणली ह्येच पयलं दावतंय, हितंच जा. फोन तर अजून उघडं हाय म्हणतोय."

आप्पांना असाच माणूस हवा होता. ओळखीचा नाही, पाहुणा नाही, कुणी शब्द टाकलेला नाही. नुसतं फोननं सांगितलं म्हणून दारात आलेला. मी त्याला पाणी दिलं आणि शिरूरच्या त्या दुकानाचा पत्ता सांगितला. त्यांना फोन करून ठेवते म्हणाले. तो उठला, आतल्या भिंतीवर टांगलेल्या तारेच्या रिळांकडं बघितलं, आणि म्हणाला, "काम चांगलं आसंल त्येंचं."

तो गेल्यावर मी आप्पांच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. दुकान कायमचं बंद अशी नोंद करायची होती. अशी नोंद न करणं म्हणजे उन्हातान्हात माणसांना मोटरी घेऊन फुकट हेलपाटे घालायला लावणं, आणि ते आप्पांनी मला माफ केलं नसतं. बंद करण्याआधी पानाचा हिशेब देणारा तक्ता उघडला. कुठल्या दिवशी सर्चमधून किती जणांनी पान उघडलं ते त्यात दिसतं. गेल्या दहा-बारा दिवसांचा मोठा डोंगर दिसत होता. त्याच्या आधी जवळजवळ सपाट रेघ.

ती रेघ शून्यावर नव्हती. एकावर होती.

रोज एक. महिनोन्महिने, रोज एक. हे मी पूर्वीही बघितलं होतं आणि कुठलं तरी मशीन पानं चाळत असेल म्हणून सोडून दिलं होतं. आता नीट बघितलं. पान उघडलं जात होतं ते मोबाईलवरून. शोधलेले शब्द रोज तेच, 'मोटर भरणे शिरूर तालुका'. आप्पांचा फोन माझ्याकडंच होता. त्यात शोधल्याची यादी बघितली. रोज सकाळी, दुकान उघडायच्या वेळेला, तेच चार शब्द. त्यांनी दुकानाचं नाव टाकलं नव्हतं. गिऱ्हाईक जसं शोधेल तसं शोधलं होतं. मग पहिलं पान सोडून दुसऱ्या पानावर जायचं, खाली सरकत सरकत स्वतःच्या दुकानापाशी थांबायचं, आणि त्यावर बोट ठेवायचं. मी ओरडले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते गेले त्या सकाळपर्यंत. माणूस दारात आलं पाहिजे म्हणून ते रोज स्वतःच येत होते.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी रेघ शून्यावर होती. लोक त्याच्यानंतर आले.

मी त्यांचा फोन घेतला आणि तेच चार शब्द टाकले. दुसऱ्या पानावर जावं लागलं नाही. पहिलंच आमचं दुकान आलं. मी त्यावर बोट ठेवलं, पान उघडेपर्यंत थांबले, आणि मग लॅपटॉपवर दुकान कायमचं बंद म्हणून लिहिलं.