पूजेतले फासे

आमच्या ह्यांना, म्हणजे हंबीररावांना, जयनगरात सगळे भांडीवाले म्हणूनच ओळखत. दुकान खरं तर थोरल्या दिरांचं, खंडोजींचं. हे तिथे स्टीलची पातेली तोलून द्यायचे आणि जरा चुकलं की गिऱ्हाइकांसमोर बोलणी खायचे. पिढ्यानपिढ्या बेंगळूरात काढलेल्या आमच्या मराठा घरात धाकट्याने थोरल्यापुढे तोंड उघडायचं नसतं. ह्यांनी ते कधी उघडलं नाही, आणि मला त्याचा आजही राग आहे.

रविवारी दुपारी मात्र दुकानाच्या माडीवर, आमच्या बिऱ्हाडात, हे राजे असत. जुन्या पुस्तकांच्या ढिगातून ह्यांना एका परदेशी खेळाचं फाटकं पुस्तक मिळालं होतं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले वीर बनून खेळायचं, आणि वार लागला की हुकला ते फाशांनी ठरवायचं. नेमकी मंतरलेल्या शस्त्रांची आणि चिलखतांची पानंच त्यात नव्हती. दुसऱ्या कोणी पुस्तक रद्दीत घातलं असतं. ह्यांनी ते नियम स्वतः रचले, आणि तेही आमच्याच घरात बघून.

ह्यांच्या खेळातलं मंतरलेलं चिलखत झेललेल्या प्रत्येक वाराबरोबर जड होत जाई. माणूस वाचे खरा, पण वेळेवर ते उतरवलं नाही तर शेवटी त्याच्याच ओझ्याखाली मरे. हे ह्यांना कुठून सुचलं ते मला विचारावं लागलं नाही. तलवारीचा नियम खंडेनवमीचा होता. आमच्याकडे त्या दिवशी आजेसासऱ्यांची तलवार देवापुढे ठेवतात आणि दसरा उजाडेपर्यंत तिला कोणी हात लावत नाही. खेळातही तसंच. पूजेतली तलवार आधी उचलली तर ती धन्यावरच उलटे. आणि एखाद्या वर्षी पूजा चुकली, तर तिच्यातला मंत्र झोपी जाई, तो कायमचा.

खेळायला दत्ता आणि सुखदा येत. पुण्याहून कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला आलेलं हे जोडपं. दत्ताला तर खेळाने झपाटलंच. मुंबईत बैठे खेळ छापणाऱ्या एका कंपनीतले संतोषकुमार कामानिमित्त बेंगळूरला आले होते, त्यांना त्याने खेळ बघायला येण्याची गळ घातली. खेळ पसंत पडला तर ते छापणार होते, आणि पुढचे खेळ रचायला ह्यांना नोकरी देणार होते. ह्यांचे पाय दुकानातून सुटायची ती एकच वाट होती. संतोषकुमारांना सवड मिळाली ती नेमकी खंडेनवमीला.

त्या सकाळी ह्यांनी देव्हाऱ्यात तलवारीशेजारी आपले फासे मांडले. चन्नपट्टणच्या कारागिराकडून लाकडात घडवून आणलेले. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मला वाटलं, पाहुणा आला की उचलतील.

दुपारी, इकडच्या रीतीने पूजेनंतर दृष्ट काढून रस्त्यावर फोडलेले कोहळे चुकवत संतोषकुमार आले. चुरमुरे खात त्यांनी सगळे नियम ऐकले आणि अगदी खूश झाले.

"वा! आता एक लढाई खेळून दाखवा. संध्याकाळी माझी गाडी आहे."

"फासे पूजेत आहेत," हे म्हणाले. "उद्या सकाळी उचलेन."

"काका, अहो एक डेमो तर द्या!" दत्ता काकुळतीला आला. "हवं तर मी लुडोचे फासे आणतो."

"ते माझे नव्हेत. माझं शस्त्र हे आहे. स्वल्प थांबा की, उद्या दसराच आहे."

संतोषकुमार हसले. "मग असं करा, हा नियमच काढून टाका."

"तो काढला तर खेळात उरलं काय?"

मला असा संताप आला की मीच देव्हाऱ्याकडे हात नेला. ह्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात ती नजर मी कधी पाहिली नव्हती. मी हात मागे घेतला. भावापुढे जन्मभर मान खाली घालणाऱ्या माणसाला ताठ व्हायला हाच दिवस सापडला.

पाहुण्यांना पोचवायला आम्ही खाली उतरलो. दुकानात दीर देवापुढचा तराजू उचलून एका गिऱ्हाइकाला परात तोलून देत होते. पारड्याला सकाळचं कुंकू तसंच होतं.

"अण्णा, पूजेतला तराजू?" ह्यांच्या तोंडून गेलं.

"गिऱ्हाइक दारात आलं की तीच पूजा. तू परात बांधून दे आधी."

"सरी, अण्णा," असा कानडीत होकार देत ह्यांनी परात बांधून दिली. संतोषकुमार तोवर रिक्षात बसलेही होते.

मुंबईहून पुढे काही आलं नाही. दत्ता आणि सुखदा अमेरिकेला गेली, आणि माडीवरचे रविवार संपले. दिरांवर तराजू काही उलटला नाही. उलट शेजारचा गाळाही त्यांनी घेतला. देवाला नियम पाळायला भोळीच माणसं सापडतात, असं मी ह्यांच्या तोंडावर म्हणाले. ह्यांनी ते ऐकून घेतलं, नेहमीसारखंच.

पुढच्या खंडेनवमीला मी देव्हारा पुसला, तलवार मांडली. फासे फळीवरच होते. मी ते काढून पदराने पुसले आणि ह्यांच्यापुढे धरले. ह्यांनी हात पुढे केला नाही.

"अहो, आज पुजले नाहीत तर..."

"ठाऊक आहे. नियम माझाच आहे."

हळदकुंकवाची कोयरी उचलून हे जिना उतरले, दुकानातला तराजू पुजायला.