कॉम्प्युटर मुका झाला तेव्हा

मला दिसत नाही. कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो, म्हणून माझं चालतं. त्याचा स्वतःचा आवाज केव्हाच बिघडलाय, म्हणून बाहेरून साउंड कार्डची एक डबी जोडलीय आणि तिला हेडफोन. त्या दिवशी सकाळी अपडेट झालं आणि डबी मुकी. मी हबकलेच. ऑडिओबुकं संपादित करायच्या नोकरीचं उत्तर त्याच दिवशी मेलवर यायचं होतं.

घरी फक्त आबा, माझे वडील. मराठी पेपर घडाघड वाचतात, इंग्रजी मात्र एकेक अक्षर लावून. त्यांना शेजारी बसवलं. "डिव्हाइस मॅनेजर उघडा," म्हटलं तर म्हणतात, "कुटं हाय त्यो?" मी खेकसले. त्या यादीत डबीच्या नावापुढे बिघाडाची पिवळी खूण आहे हे कळेपर्यंत माझं डोकं तापलं होतं. मेल्या कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे डबी चालवणारा प्रोग्रॅम, नव्या सिस्टिमला चालत नव्हता. तो काढून पेनड्राइव्हमधला जुना टाकायला सांगितला. आबांनी टाकला, आणि मध्येच त्यांच्या माऊसची टकटक थांबली.

"काय आलं?"

"काय न्हाई. जाहिरात."

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आवाज नाही. पुन्हा ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला, कंपनीला शिव्या घातल्या. आबा निमूट सांगेन ते करत होते. वायर सैल झाली असेल म्हणून मी डबी चाचपली, तर आवाजाचं बटण पार शून्यावर. मी ते कधीच शून्यावर नेत नाही.

"आबा, हे तुम्ही फिरवलं?"

मी बटण वर केलं, मेल उघडला. कॉम्प्युटरच्या त्या कोरड्या आवाजात आलं, आपली निवड होऊ शकली नाही. मेल मराठीत होता; ड्रायव्हर टाकताना त्याचीच ओळ पडद्याच्या कोपऱ्यात आली असणार.

"जेवल्यावर सांगणार व्हतो," आबा म्हणाले. "सकाळधरनं तुझ्या पोटात काय न्हाई."

आमच्याकडे कुणी गेल्याची बातमीसुद्धा माणूस जेवेपर्यंत दाबून ठेवतात, हे मला ठाऊक होतं. पण आबा माझ्याशी खोटं बोलतील, तेही मला दिसत नाही याचा फायदा घेऊन? नोकरीचं दुःख बाजूलाच राहिलं, मी नुसती सुन्न बसले. राग आला, रडू आलं, काहीच धड येईना.

"वाढा," मी एवढंच म्हणाले.

आबांनी दोन ताटं आणली. मी भाकरी मोडली. त्यांच्या ताटातून कसलाच आवाज आला नाही.