मुलगीच होती ना

माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. दवाखान्यातून आम्ही तिला माहेरी, शहरातल्या लष्कर भागातल्या आमच्या घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवसापासून माणसं भेटायला यायला लागली. येताना केळी आणायची, जाताना सल्ले देऊन जायची. ‘अभी उम्र ही क्या है, दुसरं होईल.’ ‘जड काही उचललं होतंस का?’ ‘ग्रहणात बाहेर पडली असेल.’ बहीण भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिला दूध येत होतं, ब्लाउज भिजत होता. आणि ही मंडळी तिच्या उशापाशी बसून चहात बिस्किटं बुडवत होती. माझं डोकं तडकायचं, पण मी कपबश्या उचलत राहायचे.

रविवारी दाना ओली मोहल्ल्यातून आत्या आली. वडिलांची थोरली बहीण. तिच्या शब्दाला आमच्याकडे कुणी उलट उत्तर देत नाही. तिने पदराने डोळे टिपले आणि आईला विचारलं, “मुलगा होता की मुलगी?”

“मुलगी,” आई म्हणाली.

“चला. देवाने तेवढं तरी बघितलं.”

मी ट्रे जमिनीवर आदळला. “आत्या, ऊठ आणि घरी जा.”

“अगं, मी सांत्वनाला आले आणि तू मला हाकलतेस?”

“हे सांत्वन? तिची पोर मेली आहे, आणि तू म्हणतेस बरं झालं?”

“तमीज़ से बात कर!” वडील ओरडले. राग आला की ते हिंदीवर येतात. आत्या चपला घालून निघाली, वडील तिला सोडायला मागोमाग गेले. आई रडत म्हणाली, “कशाला बोललीस गं?” मी ट्रे उचलला. पण मला जराही वाईट वाटत नव्हतं.

तेवढ्यात बहीण कुशीवर वळली. “ताई, तिचे केस खूप दाट होते.”

“सांग ना,” मी म्हटलं.

ती सांगत राहिली. नाक, बोटं, हनुवटीवरची खळी. वडील परत आले ते ऐकून दारातच थांबले. मला वाटलं, आता मला झापणार. ते दोन पावलं आत आले. मग हळूच म्हणाले, “खळी? माझ्या आईला होती तशी?”

बहिणीने मान हलवली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.

आत्याकडे मी अजून जात नाही. वडील म्हणतात, माफी माग. मी मागणार नाही.